लॉगिनचा विलंब आणि त्याचे निदान

भारतीय रेल्वेचे तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहा वाजता आणि बिगर-वातानुकूलित वर्गांसाठी अकरा वाजता सुरू होते. गाडी आपल्या सुरुवातीच्या स्थानकातून ज्या दिवशी सुटावयाची, त्याच्या आदल्या दिवशी हे आरक्षण मिळते. दिवाळीच्या सुमारास हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने पुण्याला अथवा मिरजेला जाऊ इच्छिणारा विद्यार्थी, किंवा छठपूजेसाठी बिहारमधील आपल्या गावी निघालेला नोएडातील कामगार, ठरलेल्या वेळेपूर्वीच आपले नाव आणि पासवर्ड टाईप करून तयार बसलेला असतो. त्याला आत प्रवेश मिळण्यास तीस सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत हव्या त्या गाडीचे बर्थ संपून जाण्याचा संभव असतो. त्याच्यापाशी पैसे असतात, ओळखपत्र असते, आरक्षणाचे नियमही त्याला माहीत असतात. उणीव असते ती केवळ तीस सेकंदांची.

डेटाबेस सर्व्हरच्या, म्हणजे माहितीचा सुव्यवस्थित साठा सांभाळणाऱ्या संगणकाच्या, व्यवस्थापनात लॉगिनला लागणारा विलंब ही एक जुनी आणि काहीशी फसवी समस्या आहे. फसवी अशासाठी की, एकदा आत गेल्यावर एखादे काम मंद चालले, तर कोणते काम मंद आहे हे सांगता येते. परंतु दारातच खोळंबलेल्या माणसाला आत काय चालले आहे हे दिसत नाही, आणि आतील व्यवस्थेच्या दृष्टीने तो माणूस अद्याप आलेलाच नसतो. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदी व्यवस्थित दिसतात आणि बाहेर तक्रारी मात्र वाढत जातात. या विसंगतीचा उलगडा कसा करावा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

आरक्षणव्यवस्थेची वाढ

दिल्ली हे या विषयाच्या अभ्यासाचे उत्तम क्षेत्र आहे. रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग १९८५ साली नवी दिल्लीत झाला. त्यासाठीची ‘इम्प्रेस’ नावाची आज्ञावली सीएमसी या तत्कालीन सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने तयार केली होती. पुढल्याच वर्षी, १९८६ साली, रेल्वे माहिती प्रणाली केंद्र अर्थात ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय दिल्लीत चाणक्यपुरी येथे आहे. त्यापूर्वी आरक्षणाच्या नोंदी मोठाल्या खातेवह्यांतून हाताने केल्या जात, आणि विशिष्ट गाडीसाठी विशिष्ट खिडकीसमोरच उभे राहावे लागे.

दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांतील संगणक प्रारंभी आपापल्या विभागातील गाड्यांपुरतेच काम करीत. १९९४ साली सिकंदराबाद येथे ‘कॉन्सर्ट’ ही नवी आज्ञावली प्रथम वापरात आली आणि १९९९ सालच्या एप्रिलपर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. त्यामुळे कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे आरक्षण करणे शक्य झाले. त्याच वर्षी ‘आयआरसीटीसी’ ही कंपनी स्थापन झाली, आणि २००२ सालच्या ऑगस्टपासून तिच्या संकेतस्थळावर तिकिटे मिळू लागली.

या शेवटच्या बदलाचे तांत्रिक महत्त्व मोठे आहे. खिडकीवरील व्यवस्थेत रांग ही स्थानकाच्या आवारात उभी असे. हजार माणसे जमली तरी संगणकाशी बोलणारे कारकून मोजकेच असत आणि ते दिवसाच्या आरंभी एकदाच लॉगिन करीत. रांग संगणकाच्या बाहेर असल्याने संगणकावर तिचा भार पडत नसे. संकेतस्थळ आल्यावर रांगेतील प्रत्येक माणूस स्वतःच लॉगिन करू लागला. आवारातील रांग अशा रीतीने सर्व्हरच्या दारापाशी आली.

सरासरी आणि गर्दीचा क्षण

रेल्वे मंत्रालयाने २०२५ सालच्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, २०२३–२४ या आर्थिक वर्षात दररोज सरासरी ६९.०८ लाख लॉगिन होत; २०२४–२५ मध्ये ही संख्या ८२.५७ लाखांवर गेली. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. तेव्हा ८२.५७ लाखांना ८६,४०० ने भागल्यास प्रत्येक सेकंदाला सुमारे ९६ लॉगिन असे उत्तर येते. हा आकडा पाहून समस्या फारशी कठीण नाही असे वाटण्याचा संभव आहे.

त्याच निवेदनातील दुसरा आकडा मात्र निराळे चित्र दाखवितो. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे दिली गेली. म्हणजे त्या मिनिटात दर सेकंदाला सुमारे ५३० तिकिटे निघाली. ही यशस्वी झालेल्या आरक्षणांची गणती होय. लॉगिन करूनही ज्यांना तिकीट मिळाले नाही, अथवा ज्यांना लॉगिनच करता आले नाही, त्यांची गणती यात नाही. दिवसभराची सरासरी आणि त्या एका मिनिटाची मागणी यांत किती अंतर असू शकते, याची यावरून कल्पना येते.

यातून निदानाचा पहिला नियम मिळतो : लॉगिनच्या विलंबाचा विचार सरासरीवर करू नये. ज्या मिनिटाला तक्रार झाली त्या मिनिटाचीच मोजणी पाहावी. दिवसभराच्या आलेखात तो एक मिनिट १,४४० मिनिटांत विरून जातो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र तेवढाच मिनिट खरा असतो.

लॉगिन करताना काय घडते

वापर करणाऱ्याला लॉगिन ही एकच क्रिया वाटते. वस्तुतः तेथे दोन निरनिराळी लॉगिने असतात, आणि त्यांची गल्लत झाली की निदान चुकते. पहिले लॉगिन माणसाचे : तो संकेतस्थळामागील आज्ञावलीला आपली ओळख पटवून देतो. दुसरे लॉगिन त्या आज्ञावलीचे : ती स्वतःचे नाव आणि पासवर्ड देऊन डेटाबेस सर्व्हरशी जोडणी करते, आणि मगच त्या माणसाचे खाते तपासू शकते. माणसाला दिसते ते पहिले लॉगिन. अडथळा मात्र पुष्कळदा दुसऱ्यात असतो.

या दुसऱ्या लॉगिनचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला टप्पा पत्ता शोधण्याचा. संगणक एकमेकांना आकडी पत्त्याने ओळखतात. नावावरून पत्ता सांगण्याचे काम नामसेवा करणारा वेगळा सर्व्हर करतो. काही डेटाबेस सर्व्हर याच्या उलट चौकशीही करतात, म्हणजे आलेल्या पत्त्याचे नाव काय ते विचारतात. नामसेवा गप्प राहिली, तर लिनक्स प्रणालीचा संगणक सामान्यतः पाच सेकंद वाट पाहून दुसरीकडे विचारणा करतो. म्हणून नेमका पाच किंवा दहा सेकंदांचा विलंब दिसल्यास संशयाची सुई प्रथम नामसेवेकडे वळावी.

दुसरा टप्पा जोडणीचा. दोन संगणकांमध्ये तीन संदेशांची देवघेव होऊन जोडणी पक्की होते. पहिला संदेश वाटेत हरवला, किंवा सर्व्हरच्या स्वागतकक्षात जागा नसल्याने सोडून दिला गेला, तर पाठविणारा संगणक एका सेकंदाने तो पुन्हा पाठवितो, त्यानंतर आणखी दोन सेकंदांनी आणि त्यानंतर आणखी चार सेकंदांनी. एकूण विलंब एक, तीन, सात सेकंद असा वाढत जातो. हे आकडे नोंदींत पुनःपुन्हा आढळले, तर संदेश गळत आहेत असे समजावे.

तिसरा टप्पा सुरक्षित संभाषणाचा. यात सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि संभाषण गुप्त ठेवण्याच्या किल्ल्या ठरतात. या किल्ल्यांसाठी अनुमान करता न येणारे आकडे लागतात. जुन्या लिनक्स प्रणालींवर असे आकडे पुरेसे जमेपर्यंत आज्ञावली थांबून राहात असे, आणि रिकाम्या बसलेल्या नव्या सर्व्हरवरही लॉगिनला विनाकारण वेळ लागे. लिनक्सच्या गाभ्याच्या २०२० सालच्या ५.६ या आवृत्तीपासून, यंत्र सुरू होऊन प्रारंभिक तयारी झाल्यानंतर, ही अडवणूक उरलेली नाही.

चौथा टप्पा ओळख पटविण्याचा. पासवर्ड जसाच्या तसा साठवीत नाहीत. त्यावर गणिती क्रिया करून आलेले उत्तर साठवितात. ही क्रिया मुद्दाम वेळखाऊ ठेवलेली असते, कारण ती जितकी मंद, तितके चोराला अंदाजाने पासवर्ड शोधणे महाग पडते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रचलित पद्धतीत मूळ मांडणीनुसार ही क्रिया ४,०९६ वेळा केली जाते, आणि तो भार लॉगिन करणाऱ्या बाजूवर पडतो. सर्वसाधारण संकेतस्थळावर मात्र हा भार सर्व्हरला उचलावा लागतो. एका माणसासाठी तो नगण्य असतो. एकाच क्षणी हजारो माणसे आली की नगण्य राहात नाही.

याच टप्प्यावर एक विशेष खोडा संभवतो. ओरॅकल डेटाबेसच्या २००७ सालच्या ११जी या आवृत्तीपासून, चुकीचा पासवर्ड वारंवार आल्यास पुढील उत्तर बुद्ध्याच उशिरा देण्याची योजना आहे. एखाद्या सामायिक खात्याचा पासवर्ड बदलला आणि कोठेतरी विस्मरणात गेलेली एखादी आज्ञावली जुनाच पासवर्ड पाठवीत राहिली, तर त्याच खात्यावर योग्य पासवर्ड देणारेही तिच्यामागे खोळंबतात. सर्व्हरवर भार नसतो, लॉगिन मात्र होत नाही.

पाचवा आणि शेवटचा टप्पा आत बसण्याची जागा मिळण्याचा. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. त्याच्या मूळ मांडणीत अशा शंभर जोडण्यांना वाव असतो. मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे. दोन्ही मर्यादा वाढविता येतात, परंतु प्रत्येक जोडणीला स्मृतीचा काही भाग द्यावा लागतो. शिवाय अनेक संस्थांत, कोण केव्हा आत आले याची नोंद लॉगिनच्या वेळीच केली जाते, किंवा एखादा ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारी छोटी आज्ञावली, काही तपासणी करते. ही नोंदवही वर्षानुवर्षे वाढत गेली आणि तपासणी दर वेळी तिच्या पहिल्या पानापासून होऊ लागली, तर लॉगिन दिवसागणिक किंचित मंद होत जाते. असा विलंब कोणा एका दिवशी सुरू झाल्याचे सांगता येत नाही.

रांगेचे गणित

विलंबाचे दोन भाग करता येतात : प्रत्यक्ष कामाला लागणारा वेळ आणि आपली पाळी येईपर्यंतचा वेळ. दुसऱ्या भागाचे शास्त्र टेलिफोनच्या व्यवसायातून जन्माला आले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९०९ साली या विषयावरील आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मोजक्या तारा आणि अनिश्चित वेळी येणारी संभाषणे यांचा मेळ कसा घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. लॉगिनचा प्रश्न तत्त्वतः त्याहून निराळा नाही.

या गणिताचा एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काम करणारा एकच आहे आणि माणसे अनियमितपणे येत आहेत असे मानल्यास, तो निम्मा वेळ कामात गुंतलेला असताना प्रत्येकाला लागणारा एकूण वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो. तो ८० टक्के गुंतला की पाचपट, ९० टक्के गुंतला की दहापट आणि ९५ टक्के गुंतला की वीसपट होतो. भार ९० वरून ९५ टक्क्यांवर जाणे ही वरकरणी किरकोळ वाढ दिसते. विलंब मात्र दुप्पट झालेला असतो. काल व्यवस्थित चालणारी व्यवस्था आज अकस्मात कोलमडली, असे जे सांगितले जाते, त्याचे रहस्य बहुधा येथे असते.

दुसरा उपयुक्त नियम अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. त्यानुसार एका वेळी व्यवस्थेत असलेल्यांची सरासरी संख्या ही येण्याचा वेग आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, दर सेकंदाला २०० लॉगिन येतात आणि प्रत्येकाला एक विसांश सेकंद लागतो. तर एका वेळी सरासरी दहाच लॉगिन चालू असतील, आणि शंभर जागांचा सर्व्हर जवळपास रिकामा दिसेल. आता काही कारणाने प्रत्येक लॉगिनला दोन सेकंद लागू लागले, असे मानू. दर सेकंदाला २०० जणांना सामावून घ्यावयाचे तर ४०० जागा हव्यात, आहेत शंभरच. शंभर जागांतून दर सेकंदाला पन्नासच माणसे पुढे सरकतील आणि १५० माणसे रांगेत वाढतील. मिनिटभरात रांग नऊ हजारांची होईल, आणि तिच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला तीन मिनिटे थांबावे लागेल. तो तितका थांबणार नाही. पुन्हा एकदा बटण दाबील, आणि त्यामुळे येण्याचा वेगही वाढेल.

विलंबाची तीन रूपे

वैद्य ज्याप्रमाणे ताप सतत आहे की चढउताराचा आहे हे आधी पाहतो, त्याप्रमाणे विलंबाचेही रूप आधी निश्चित करावे लागते. स्थूलमानाने तीन रूपे आढळतात.

पहिले रूप ठराविक विलंबाचे. गर्दी असो वा नसो, तेवढेच सेकंद लागतात. येथे कोणीतरी उत्तर न देणाऱ्याची वाट पाहात आहे असे समजावे. नामसेवा, प्रमाणपत्राची तपासणी किंवा ओळखीची केंद्रीय नोंद ठेवणारा दुसरा सर्व्हर ही याची नेहमीची ठिकाणे होत.

दुसरे रूप गर्दीबरोबर वाढणाऱ्या विलंबाचे. येथे दोष रांगेचा असतो : जागा अपुऱ्या आहेत, अथवा प्रत्येक जण आत अधिक वेळ घेतो आहे. या दोहोंत भेद करणे अत्यावश्यक असते, कारण त्यांचे उपाय परस्परविरोधी असू शकतात.

तिसरे रूप अधूनमधून होणाऱ्या विलंबाचे. एकच व्यक्ती, एकच संगणक, तरी कधी लॉगिन त्वरित होते, कधी होत नाही. अशा वेळी गळणारे संदेश, कोणत्या तरी खात्याला बसलेला खोडा, किंवा अनेक सर्व्हरांपैकी एखादाच आजारी सर्व्हर यांचा शोध घ्यावा लागतो.

रूप ठरल्यावर टप्पे एकेक करून वगळता येतात. सर्व्हरवरच बसून लॉगिन करून पाहिल्यास मधल्या जाळ्याचा प्रश्न बाजूला पडतो. नावाऐवजी आकडी पत्ता वापरल्यास नाव शोधण्याचा एक भाग वगळला जातो. आज्ञावलीला बाजूला ठेवून सरळ डेटाबेसशी जोडणी केल्यास दोन लॉगिनांपैकी कोणते मंद आहे ते कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी वेळ लिहून ठेवावी. हा नियम साधा असला, तरी घाईच्या वेळी तोच प्रथम मोडला जातो.

एक उदाहरण

समजा, नोएडातील एका कार्यालयात पन्नास कर्मचारी मायएसक्यूएल डेटाबेसवर काम करतात. रोज सकाळी दहा वाजता प्रत्येकाला लॉगिन होण्यास दहा सेकंद लागतात. दुपारनंतर तक्रार नसते. सकाळची गर्दी हे कारण सर्वांना पटते, आणि अधिक शक्तीचा सर्व्हर विकत घेण्याचा प्रस्ताव तयार होतो.

मोजणी केल्यावर पुढील गोष्टी आढळतात. सर्व्हरवरच बसून लॉगिन केल्यास ०.२ सेकंद लागतो. कर्मचाऱ्याच्या संगणकावरून, आकडी पत्ता वापरूनही, १०.२ सेकंद लागतात. म्हणजे कर्मचाऱ्याच्या बाजूने नाव शोधण्यात वेळ जात नाही. सकाळी पहिला आलेला कर्मचारी एकटाच असतो, तरी त्यालाही १०.२ सेकंदच लागतात. गर्दीची उपपत्ती येथेच कोसळते, कारण रांगेमुळे होणारा विलंब पहिल्या माणसाला होत नाही. दुपारी एक कधीही न वापरलेला संगणक जोडून पाहिला, तर त्यालाही पहिल्या वेळी १०.२ सेकंद आणि दुसऱ्या वेळी ०.२ सेकंद लागतो.

आता कोडे सुटते. मायएसक्यूएल, त्याला तसे करू नये असे सांगितलेले नसल्यास, आलेल्या पत्त्याचे नाव विचारतो आणि मग त्या नावाचा पत्ता विचारून खात्री करून घेतो. ही माहिती तो काही काळ स्वतःजवळ ठेवतो. सर्व्हरच्या मांडणीत नामसेवेचे दोन पत्ते लिहिलेले होते, आणि त्यांपैकी पहिल्या पत्त्यावरील यंत्र पूर्वीच काढून टाकलेले होते. दोन्ही चौकशांत पाच-पाच सेकंद त्या गेलेल्या यंत्राची वाट पाहण्यात जात होते. रात्री माहितीची प्रत घेतल्यानंतर डेटाबेस सर्व्हर पुन्हा सुरू केला जात असल्याने जवळ ठेवलेली नावे पुसली जात, आणि सकाळी सर्व संगणक पुन्हा अनोळखी ठरत.

एक ओळ दुरुस्त केली की दहा सेकंद नाहीसे होतात. नवा सर्व्हर विकत घेतला असता आणि जुनीच मांडणी त्यावर उतरविली असती, तर दहा सेकंद तसेच राहिले असते. सकाळ आणि विलंब यांचा संबंध खरा होता; परंतु त्यांना जोडणारा दुवा गर्दी नसून रात्रीचे पुनरारंभण हा होता.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

रेल्वेचा प्रश्न या उदाहरणाहून भिन्न, म्हणजे गर्दीबरोबर वाढणाऱ्या विलंबाचा आहे. तेथे योजलेल्या उपायांचे तीन प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार क्षमता वाढविण्याचा. २०१३ सालच्या रेल्वे अर्थसंकल्पात नव्या ई-तिकीट व्यवस्थेची घोषणा झाली. मिनिटाला २,००० तिकिटांऐवजी ७,२०० तिकिटे देता यावीत आणि एकाच वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० लोकांना सामावून घेता यावे, हे तिचे उद्दिष्ट होते. क्रिसने तयार केलेली ही व्यवस्था २०१४ साली सुरू झाली. वारंवार लागणारी माहिती दर वेळी मुख्य डेटाबेसमधून न आणता संगणकाच्या स्मृतीतच तयार ठेवणे, हे तिच्या रचनेतील एक महत्त्वाचे तत्त्व होते. त्यामुळे प्रत्येक जण आत घेत असलेला वेळ कमी होतो, आणि लिटल यांच्या नियमानुसार तितक्याच जागांत अधिक माणसे सामावतात.

केवळ जागा वाढविणे हा मात्र नेहमीच उपाय ठरत नाही. सोळा गाभ्यांचा प्रोसेसर एका क्षणी सोळाच कामे करू शकतो. त्याच्यासमोर हजार जोडण्या उघडल्या, तर कामाचा वेग वाढत नाही; एका कामावरून दुसऱ्याकडे वळण्यातच शक्ती खर्ची पडते. म्हणून अनुभवी व्यवस्थापक मोजक्या जोडण्या आधीच उघडून ठेवतात आणि आलेल्यांना त्या आळीपाळीने वापरावयास देतात. यालाच कनेक्शन पूल म्हणतात. त्यामुळे दर वेळी नवे लॉगिन करण्याचा खर्च वाचतो आणि रांग डेटाबेसच्या आत न लागता बाहेर, शिस्तीत लागते. जुन्या आरक्षण खिडकीवरील कारकुनांचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

दुसरा प्रकार गर्दी पसरविण्याचा. २०१२ सालच्या जुलैपर्यंत तत्काळ आरक्षण सकाळी आठ वाजता, म्हणजे सर्वसाधारण आगाऊ आरक्षणाच्याच वेळी, सुरू होत असे. ते दहा वाजता नेण्यात आले. २०१५ सालच्या जूनपासून वातानुकूलित आणि इतर वर्गांच्या वेळा वेगळ्या करण्यात आल्या. या बदलांसाठी एकही नवे यंत्र लागले नाही. एका मोठ्या लाटेच्या जागी लहान लाटा आल्या, इतकेच.

तिसरा प्रकार अनावश्यक मागणी गाळण्याचा. २०२५ सालच्या जूनमधील निवेदनात रेल्वे मंत्रालयाने सांगितले की, तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी पन्नास टक्क्यांपर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित आज्ञावलींचे असत. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करण्यात आली, आणि १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावरील तत्काळ आरक्षण आधारद्वारे प्रमाणित झालेल्या खात्यांपुरते मर्यादित करण्यात आले. लॉगिनच्या प्रयत्नांच्या तुलनेत तिकीट मिळण्याचे प्रमाण ऑक्टोबर २०२४ मधील ४३.१ टक्क्यांवरून मे २०२५ मध्ये ६२.२ टक्क्यांवर गेल्याचेही त्या निवेदनात नमूद आहे.

या तिसऱ्या प्रकाराला तांत्रिक बाजूबरोबर न्यायाची बाजूही आहे. दारातील विलंब सर्वांना सारखाच होत नाही. स्वयंचलित आज्ञावली एका सेकंदात अनेकदा प्रयत्न करते. माणूस एकदा बटण दाबून वाट पाहतो. रांग जितकी अव्यवस्थित, तितका वारंवार धडका देणाऱ्याचा लाभ अधिक. लॉगिनचा विलंब दुर्लक्षित राहिला की त्याचा भार ज्याच्यापाशी दुसरे साधन नाही त्याच्यावर पडतो.

या शास्त्राची मर्यादाही स्पष्ट असावी. एखाद्या गाडीत तत्काळचे तीनशे बर्थ असतील आणि मागणारे तीन हजार असतील, तर लॉगिन कितीही जलद झाले तरी दोन हजार सातशे लोक तिकिटावाचून राहणारच. बर्थ वाढविणे हे डेटाबेसच्या व्यवस्थापकाच्या हाती नसते. आधी आलेल्याला आधी मिळावे, आणि ज्याला मिळाले नाही त्याला ते बर्थ संपल्यामुळे मिळाले नाही, नामसेवेचा एखादा पत्ता चुकल्यामुळे नव्हे, एवढे मात्र तो पाहू शकतो. त्यासाठी लॉगिनच्या प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ, यशस्वी झालेल्यांप्रमाणेच दारातून परतलेल्यांचाही, नोंदवून ठेवणे हे त्याचे पहिले काम होय. ती नोंद नसेल, तर परत गेलेल्या माणसाचा पुरावा त्या व्यवस्थेत कोठेही उरत नाही.